कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : कुटुंब आणि कारखाना

पहिल्या पिढीने दुकान मांडावे, दुसरीने ते चालवावे आणि तिसरीने त्याच्या वाटण्या करून घ्याव्या, असा क्रम आपल्या बाजारपेठांतून इतक्या वेळां पाहावयास मिळतो की, तो जणू सृष्टीचा नियमच आहे असे लोक समजूं लागले आहेत. भाऊबंदकीत बुडालेल्या पेढ्यांची नांवे घेऊं गेल्यास प्रत्येक गावी पांच-दहा सांपडतील. अशा वेळी ज्या गृहस्थाने आपले भाऊ, पुतणे व मुलगे यांस एका उद्योगांत गोविले, आणि त्या उद्योगाची भरभराट सत्त्याऐंशी वर्षांच्या आयुष्यांत डोळ्यांनी पाहिली, त्याच्या चरित्राचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. ते गृहस्थ म्हणजे कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे होत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरांतील मुलाने शास्त्री व्हावे, वकील व्हावे, निदान सरकारी कचेरींत चिकटावे, हीच त्या काळची अपेक्षा. लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पुस्तकांत रमेना; ते चित्रांत आणि यंत्रांत रमे. मुंबईस जाऊन त्यांनी जे. जे. कलाशाळेत नांव घातले. परंतु कांही रंगांमधील भेद आपल्या डोळ्यांस नीट उमगत नाही, असे त्यांच्या ध्यानांत आले आणि चित्रकार होण्याची आशा सोडावी लागली. दुसरा एखादा नशिबास बोल लावीत घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. ते यांत्रिक रेखनकला शिकले, आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवूं लागले.

ही नोकरी चालूं असतांनाच घरच्या उद्योगाचा पाया पडला. १८८८ साली वडील बंधु रामचंद्रपंत, ज्यांस सर्व लोक रामुअण्णा म्हणत, यांच्या जोडीने बेळगांवी सायकलींचे दुकान निघाले. मुंबईहून लक्ष्मणरावांनी सायकली धाडाव्या, बेळगांवी रामुअण्णांनी त्या विकाव्या व गिऱ्हाइकांस बसावयास शिकवावे, अशी कामाची वाटणी होती. सायकल ही त्या काळी सातशे ते हजार रुपयांची श्रीमंती वस्तु. पाटीवर एका भावाचे नांव न घालतां ‘किर्लोस्कर बंधु’ असे घातले, यांत पुढील साऱ्या इतिहासाचे बीज आहे. आजहि बेळगांवांत त्यांच्या नांवाचा रस्ता आहे.

पुढे संस्थेंत बढतीची वेळ आली, तेव्हां लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. लक्ष्मणरावांनी अर्जविनंत्यांचा खटाटोप न करितां राजीनामा दिला आणि बेळगांवची वाट धरली. महिन्याच्या महिन्यास हाती पडणारा पगार सोडून अनिश्चित धंद्यांत उडी घेणाऱ्या नवऱ्याच्या पाठीशी पत्नी राधाबाई उभ्या राहिल्या. आपल्याकडे व्यापाऱ्यांची चरित्रे लिहितांना घरांतील बायकांचा उल्लेख गाळण्याची वहिवाट आहे. ती आम्हांस मान्य नाही. ओढग्रस्तीच्या काळी चूल चालती ठेवणारे हात हेहि भांडवलच होय, आणि खतावणींत त्याची नोंद नसली तरी त्याचे ऋण खोटे ठरत नाही.

बेळगांवच्या लहानशा कारखान्यांतून कडबा कापण्याचे यंत्र निघाले व पाठोपाठ लोखंडी नांगर निघाला. या नांगरांची गोष्ट प्रत्येक दुकानदाराने ऐकावी अशी आहे. पहिले चाळीस नांगर खपावयास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीस विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. शेतकरी अडाणी म्हणून त्यास शिव्या देणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी नांगर सुधारला, तो चालवून दाखविला आणि वाट पाहिली. नव्या वस्तूवर लोकांचा विश्वास बसण्यास जो काळ लागतो, तो काळ तग धरून राहणे हेच खरे व्यापारी धैर्य. आणि या दोन वर्षांत घर फुटले नाही, एका भावाने दुसऱ्यास दोष दिला नाही, ही गोष्ट नांगर खपल्याहून मोठी आहे असे आम्ही समजतो.

इतक्यांत दुसरे संकट आले. गांवाची वाढ करावयाची म्हणून बेळगांवच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास फर्माविले. त्या सुमारास लक्ष्मणराव औंध येथील यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार व गुणज्ञ राजे. त्यांनी आपल्या संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीन देऊं केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० च्या मार्च महिन्यांत किर्लोस्कर मंडळी त्या माळावर उतरली. निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट, पाण्याची ददात! तेथे कारखाना आणि गांव अशी दोन्ही एकदम उभी करावयाची होती. हेच किर्लोस्करवाडी होय. आणि पुढे त्या स्टेशनासहि हेच नांव मिळाले.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही हे चरित्र हाती घेतले, त्याकडे वळूं. लक्ष्मणरावांनी आपल्या माणसांस उद्योगांत घेतले ते गादीवर बसविण्यासाठी घेतले नाही. रामुअण्णांकडे वसाहतीची व्यवस्था गेली. घरे, झाडे, स्वच्छता यांवर त्यांची नजर असे. पुतणे शंकरराव हे चित्रकार. त्यांचा ओढा लेखणीकडे व कुंचल्याकडे, म्हणून त्यांच्याकडे जाहिरातीचे काम दिले. त्यांतूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि पुढे तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ निघून या तिन्ही मासिकांनी मराठी मध्यमवर्गाच्या विचारांस जे वळण लाविले, ते सुधारणेच्या इतिहासांत नमूद आहे. चिरंजीव शंतनुराव यांस अमेरिकेस मॅसॅच्युसेट्स येथील यंत्रविद्येच्या शाळेत धाडिले. १९२६ साली तेथील पदवी घेऊन ते परत आले व कारखान्यांत कामास लागले. ज्यास जे साधते ते काम त्यास द्यावयाचे, आणि ज्यास कांहीच येत नाही त्यास आधी शिकवावयाचे, ही या घराची रीत होती.

त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी की, या कुटुंबाचा दरवाजा रक्ताच्या नात्यापाशी बंद झाला नाही. शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे ही मंडळी किर्लोस्करांच्या गोत्यांतील नव्हत. फळणीकरांचे शिक्षण शाळेतच अर्धवट सुटलेले, परंतु कल्पकता अशी की पदवीधरांनी तोंडांत बोट घालावे. रेगे यांनी हिशेबाचा भार वाहिला. शाळेच्या परीक्षेत मागे पडलेल्या माणसास यंत्राजवळ उभे केल्यावर तो पुढे जाऊं शकतो, हे लक्ष्मणराव स्वतःच्या अनुभवावरून जाणून होते. फार काय, दरोडेखोरीबद्दल ज्यांची नांवे पोलिसांच्या दप्तरांत होती, अशा तुकाराम व पिऱ्या या दोघांस त्यांनी वाडीच्या पहाऱ्यावर नेमिले, आणि त्या दोघांनी तो विश्वास राखिला. ज्यांच्यावर समाजाने जन्मभर चोरीचा शिक्का मारून ठेविला, त्यांच्याच हाती किल्ल्या देण्यास केवढे धाडस लागत असेल, याचा विचार तिजोरीस तीन कुलपे घालणाऱ्यांनी करावा.

वाडींत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा दंडक होता. एकाच वस्तीत अनेक जातींचे कामकरी राहावयाचे आणि एकाच कारखान्यांत हात काळे करावयाचे, हे १९१० च्या सुमाराचे दृश्य आहे हे वाचकांनी विसरूं नये. ब्राह्मणाच्या मुलाने ऐरणीवर घण घालणे हीच ज्या समाजांत बाटल्याची खूण मानली जाई, त्या समाजांत ही वसाहत उभी राहिली. व्याख्यानांनी जे घडले नसते, ते पगाराच्या दिवशी एका रांगेत उभे राहिल्याने घडले.

१९२० साली या भावांच्या दुकानाची ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी झाली. याचा अर्थ आमच्या व्यापारी वाचकांनी नीट ध्यानांत घ्यावा. घरच्या धंद्यांत लोकांचा पैसा घेणे म्हणजे घरच्या वह्या लोकांपुढे उघडणे होय. जो मालक हे करावयास धजतो, त्याने कुटुंबाचा स्वार्थ आणि संस्थेचे हित यांतील रेषा कागदावर ओढून घेतलेली असते. नांगराच्या पाठोपाठ चरक निघाले. १९२६ साली पाणी उपसण्याचा पंप निघाला. मागाहून हरिहर, पुणे, बंगळूर येथे या घराण्याचे कारखाने उभे राहिले. एका सायकलीच्या दुकानापासून इथवरची मजल एकट्याने मारणे शक्य नव्हते, आणि फुटलेल्या घरास तर ते स्वप्नांतहि साधले नसते.

वृद्धापकाळी लक्ष्मणरावांस एक दारुण आघात सोसावा लागला. १९४८ साली महात्मा गांधींच्या खुनानंतर दक्षिण महाराष्ट्रांत ब्राह्मणांच्या घरादारांवर जी जाळपोळ झाली, तिच्या तडाख्यांत किर्लोस्करवाडीचा कारखानाहि सांपडला. ज्या वाडीने जात पाहिली नाही, तिच्याकडे जातीच्या डोळ्यांनी पाहिले गेले! तेव्हां लक्ष्मणरावांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. वाडी सोडून जावे असे कोणास वाटले असते तर त्यास नांवे ठेवण्याचा अधिकार कोणासहि नव्हता. परंतु कारखाना पुन्हा उभा राहिला आणि यंत्रे पुन्हा चालूं लागली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढिले.

येथे कोणी म्हणेल की, त्याच घराण्याच्या वारसांतील वाद अलीकडे न्यायालयांत गेले, मग या कौतुकास अर्थ काय? आमचे उत्तर असे की, याच कारणाने हे चरित्र पुन्हा वाचावयास पाहिजे. पूर्वजाने कारखाना वारशाने देता येतो, जमीन देता येते, नांवहि देता येते. एकोपा मात्र मृत्युपत्रांत लिहून देता येत नाही. तो प्रत्येक पिढीस नव्याने कमवावा लागतो. लक्ष्मणरावांच्या घरांतील एकी रक्ताने टिकली नव्हती. योग्यतेप्रमाणे काम, उघडा हिशेब आणि परक्या गुणी माणसास मानाची जागा या तीन आधारांवर ती उभी होती. आधार काढून घेतल्यावर मांडव कोसळला, तर खांबांस दोष देण्यांत काय हंशील?

आपल्या गांवच्या ज्या पेढीवर नालायक मुलगा केवळ मुलगा म्हणून बसला आहे, जेथे धाकट्या भावास जमाखर्च दाखविला जात नाही, आणि जेथे वीस वर्षांच्या इमानी गुमास्त्यास अजून उंबऱ्याबाहेर बसावे लागते, त्या पेढीच्या मालकाने या चरित्राचा विचार करावा. हयात असतां, हात चालता असतां, घरांतील सर्वांस समोर बसवून वह्या उघडाव्या आणि कामाची वाटणी गुण पाहून करावी. हे आज केले तर वकिलाची पायरी चढावी लागणार नाही. कै. लक्ष्मणरावांच्या तसबिरीस हार घालण्यापेक्षां त्यांच्या स्मृतीचा हा सन्मान अधिक मोलाचा होईल.