खुल्या सागराचा वकील

फेब्रुवारी १६०३ मध्ये सिंगापूरनजीकच्या समुद्रात डच कप्तान याकोब व्हान हेम्सकर्क याने ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. चिनी रेशीम आणि चिनी मातीच्या भांड्यांनी भरलेल्या या जहाजावरील माल ॲमस्टरडॅमच्या लिलावात तीस लाख गिल्डरांहून अधिक किमतीला विकला गेला. ही लूट होती की युद्धातील कायदेशीर प्राप्ती, या वादातून ह्यूगो ग्रोशियस यांचे नाव आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासात कायमचे कोरले गेले.

१० एप्रिल १५८३ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट येथे जन्मलेले ग्रोशियस अकराव्या वर्षी लायडन विद्यापीठात दाखल झाले. पंधराव्या वर्षी त्यांनी फ्रान्समध्ये कायद्याची डॉक्टरेट मिळवली. जहाजाच्या प्रकरणात डच ईस्ट इंडिया कंपनीने आपली बाजू मांडण्याचे काम सोपवले, तेव्हा ते जेमतेम एकविशीचे होते.

गोव्यात राजधानी थाटलेले पोर्तुगीज त्या काळी हिंदी महासागरावर आपलाच हक्क सांगत. ‘कार्ताझ’ हा त्यांचा परवाना जवळ नसलेली जहाजे जप्त होत. या मक्तेदारीला ग्रोशियस यांनी तात्त्विक आव्हान दिले. समुद्र कोणालाही ताब्यात घेता येत नाही, म्हणून तो कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही. निसर्गाने प्रत्येक देशाला काही दिले, काही दिले नाही. म्हणून परस्परांशी व्यापार करणे हा सर्व राष्ट्रांचा हक्क आहे. पूर्वेकडील राजे सार्वभौम असून त्यांचे प्रदेश वाटून देण्याचा अधिकार पोपलाही नाही, असे त्यांनी ठामपणे मांडले. या विवेचनाचा एक भाग १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’ म्हणजेच ‘मुक्त सागर’ या नावाने, लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाला.

मात्र हाच सिद्धांत लवकरच त्यांच्यावर उलटला. मसाल्याच्या बेटांवर आता डच कंपनीच इतरांना मज्जाव करू लागली होती. १६१३ मध्ये वाटाघाटींसाठी ग्रोशियस लंडनला गेले, तेव्हा इंग्रजांनी त्यांच्याच पुस्तकातील युक्तिवाद त्यांच्यापुढे ठेवले. स्थानिक राजांनी करारांनी स्वतःला बांधून घेतले आहे आणि करार पाळलेच पाहिजेत, असा बचाव त्यांना करावा लागला. व्यापाराचे स्वातंत्र्य आणि कराराचे बंधन यांतील हा पेच पुढे आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याच्या केंद्रस्थानी राहिला.

मायदेशातील धार्मिक-राजकीय संघर्षात १६१९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. पत्नी मारिया यांच्या धाडसी योजनेमुळे १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत दडून ते लुव्हेस्टाइन किल्ल्यातून निसटले. पॅरिसमध्ये निर्वासिताचे जिणे जगत असताना, १६२५ मध्ये युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरील त्यांचा महाग्रंथ प्रकाशित झाला. पुढे दहा वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये स्वीडनचे राजदूत म्हणून काम पाहिले.

ज्या समुद्राच्या मुक्ततेसाठी त्यांनी लेखणी झिजवली, त्यानेच अखेर घात केला. प्रवासात जहाज वादळात सापडले आणि थकलेल्या ग्रोशियस यांनी २८ ऑगस्ट १६४५ रोजी जर्मनीतील रॉस्टॉक येथे अखेरचा श्वास घेतला.

त्यांचा अशील असलेली कंपनी १७९९ मध्ये संपुष्टात आली. खुल्या समुद्राचे तत्त्व मात्र १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात सर्व राष्ट्रांचा हक्क म्हणून नोंदले गेले. एका व्यापारी कंपनीसाठी लढवलेला मुद्दा असा साऱ्या जगाचा झाला.