महात्मा जोतीराव फुले आणि शेतातील माती

मावळात आषाढाचा पाऊस लागला म्हणजे डोंगरउतारावरून तांबडे पाणी वाहू लागते व इंद्रायणी, पवना, आंद्रा ह्या नद्या दुथडी भरून जातात. लोणावळ्यास वर्षाकाठी 4000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस वडगाव-तळेगावाकडे तो झपाट्याने कमी होत जातो. इतके पाणी पडूनही दिवाळी सरताच वरकस जमिनीत ओल राहत नाही, आणि फाल्गुनात बायकांना हंडा घेऊन दूर जावे लागते. पाणी तांबडे दिसते ते त्यातील मातीमुळे, आणि ती माती म्हणजे शेताचा वरचा, सर्वांत कसदार थर होय. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा ह्या वाहत्या मातीशी निकट संबंध आहे, ही गोष्ट ज्या पुरुषाने 1883 साली मराठीत स्पष्टपणे लिहून ठेविली, त्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

जोतीराव गोविंदराव फुले ह्यांचा जन्म 1827 साली पुण्यास झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुण गावचे, जातीने माळी व आडनावाने गोऱ्हे. पुण्यास आल्यावर फुलांच्या धंद्यावरून त्यांस फुले म्हणू लागले. जोतीराव अगदी तान्हे असतानाच त्यांच्या मातोश्री चिमणाबाई वारल्या, व सगुणाबाई नावाच्या नात्यातील बाईंनी त्यांस वाढविले. थोडे लिहावाचावयास येताच वडिलांनी त्यांस शाळेतून काढून शेतीच्या कामास लाविले. परंतु शेजारचे गफार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्या दोघांनी मुलाची बुद्धी ओळखून गोविंदरावांचे मन वळविले, आणि 1841 साली जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तेथील शिक्षण त्यांनी 1847 साली पुरे केले. ह्याप्रमाणे ज्या हाताने खुरपे धरिले त्याच हाताने लेखणीही धरिली. पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. तथापि त्या शाळेत मिळालेले ज्ञान आपल्या गरीब बांधवांस मिळाले पाहिजे, ही तळमळ त्यांनी जन्मभर बाळगिली.

1848 साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढिली व पत्नी सावित्रीबाईंस शिकवून शिक्षिका केले. 1868 साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला, आणि 1873 साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली. ही कामे सर्वांस ठाऊक आहेत. जोतीराव शेतीचे व पाण्याचेही जाणते होते, हे मात्र थोडक्यांच्या ध्यानी येते.

पोटापाण्यासाठी ते सरकारी बांधकामांचे ठेके घेत. मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधले गेले तेव्हा त्या कामाशी त्यांचा संबंध आला, आणि डोंगरातून धावणारे पाणी अडविले असता कोरड्या रानाचे काय होते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. पुढे मांजरी येथे जमीन घेऊन त्यांनी कालव्याच्या पाण्यावर बागायत केली.

त्याच सुमारास दख्खनच्या कुणब्यावर मोठी संकटे आली. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. लगेच 1876-77 चा भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा जोतीरावांनी व त्यांच्या मित्रांनी धनकवडी येथे उपाशी मुलांच्या अन्नाची सोय केली. कुणबी आळशी व उधळ्या आहे म्हणून तो भिकेस लागतो, असे त्या काळी मोठे लोक म्हणत. जोतीरावांस ते पटेना. त्यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्याचे घर, गोठा, शेत व कर्ज ही पाहिली, आणि 1883 साली शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहिला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांस त्यांनी तो स्वतः वाचून दाखविला. परंतु त्यातील भाषा इतकी कडक होती की, त्यांच्या हयातीत तो संपूर्ण छापून निघाला नाही.

ह्या ग्रंथात सारा, सावकार, कारकून व अज्ञान ह्यांचा समाचार घेतला आहे, पण त्याबरोबरच मातीचा विचारही आहे. जोतीराव दाखवितात की, पूर्वी डोंगरातील झाडांची पाने, फुले, शेणलेंड्या व मेलेल्या जनावरांचे अवशेष कुजून पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत येत व आपोआप खत होई. पुढे सरकारच्या जंगलखात्याने डोंगर व गायराने ताब्यात घेतली. तेव्हा गुरांस चरावयास जागा उरली नाही, गुरे घटली आणि शेणखतही घटले. कुटुंब वाढून जमिनीचे तुकडे झाले, म्हणून शेत एखादे वर्ष पडीक ठेवून त्यास विसावा देणेही अशक्य झाले. जमिनीतून दरवर्षी घ्यावयाचे व तीस परत काही द्यावयाचे नाही, असा व्यवहार चालला तर पीक कसे येणार?

ह्यावर त्यांनी उपायही सांगितले. सरकारने रिकाम्या वेळी पलटणीतील व पोलिसांतील लोकांस कामास लावून जागोजाग ताली व बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल व मगच ओढ्यानाल्यास मिळेल. डोंगरखोऱ्यांत सोयीच्या जागी तलाव बांधावेत. तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्यांस पूर्वीप्रमाणे नेऊ द्यावा व गायराने गावांस परत करावीत. जमिनीखालचे झरे पाणाड्यांकडून शोधवून त्यांच्या खुणा गावच्या नकाशांत कराव्यात. शेतीची प्रदर्शने भरवून चांगल्या शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत. गाळ शेतात नेण्याची त्यांची मागणी महाराष्ट्र सरकारने 2017 साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ह्या योजनेच्या रूपाने हाती घेतली. मध्ये 134 वर्षे गेली.

1888 साली पुण्यास राणीसाहेबांचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्या सत्काराची मेजवानी होती. तेथे बडे लोक भरजरी पोशाखात आले असता जोतीराव साध्या शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि राज्याची खरी रयत खेड्यापाड्यांत अन्नवस्त्रावाचून आहे, हे राजपुत्रास सांगून आले. त्याच वर्षी मुंबईच्या लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली. पुढे अर्धांगवायूने उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा अभ्यास करून आपला शेवटचा ग्रंथ पुरा केला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

आता वाचकहो, ह्या चरित्रापासून मावळच्या शेतकऱ्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, पाणी शेतात थांबविणे हेच पहिले खत. नाचणी-वरईच्या उतारावर नांगर वरून खाली न चालविता आडवा चालवावा, म्हणजे प्रत्येक तास एक लहानसा बांध होतो. भातखाचरांचे बांध मृगापूर्वी दुरुस्त करावेत, आणि जादा पाणी जाण्यासाठी दगडांनी बांधलेली वाट ठेवावी. भात निघताच अंगच्या ओलीवर हरभरा, वाल किंवा मसूर टाकावा. ह्या पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरून ठेवितात, आणि पाला जमिनीत गेल्याने तिचा कस वाढतो.

दुसरी गोष्ट राबाची. रोपासाठी शेण, फांद्या व पालापाचोळा जाळल्याने तणांचे बी मरते हे खरे. पण त्याबरोबर नत्र व कुजणारे द्रव्य धुरात जाते, मागे केवळ राख उरते, आणि डोंगरावरची झाडे बोडकी होतात. त्यापेक्षा चांगले कुजलेले शेणखत घालून गादीवाफे करावेत व तण हाताने काढावे. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला चिखलणीच्या आधी खाचरात पसरावा. ही भाताच्या चारसूत्री पद्धतीतील एक रीत आहे. तीत भाताचे तूस व पेंढा शेतास परत देणे, दोरीवर ठरावीक अंतराने लावणी करणे आणि खताची गोळी चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल खोचणे ही आणखी तीन सूत्रे आहेत. वर फेकलेले खत मावळच्या पावसात वाहून जाते. खोचलेले मुळाशी राहते.

पेरणाऱ्याच्या दाखल्यातील उथळ जमीन सर्वांस परिचित आहे. तीत बी चांगले होते, परंतु माती खोल नव्हती व ओल नव्हती, म्हणून रोप वाळले. आमच्या पुष्कळ बांधवांच्या वाट्यास अशीच डोंगरकडची, उथळ जमीन आली आहे. तिच्यावर एकट्याने बांध घालून भागत नाही, कारण वरच्या शेतातून आलेला लोंढा खालचा बांध फोडतो. वरचा व खालचा शेतकरी एकमेकांशी बोलत नसतील तर दोघांचीही माती नदीस जाते, मग त्यांची जात कोणतीही असो. म्हणून उपदेशक बंधूंनी चैत्र-वैशाखात, काम हलके असते तेव्हा, हे चरित्र रात्रीच्या बैठकीत वाचून दाखवावे, आणि शेजारच्या शेतकऱ्यांसही बोलवावे. नंतर सर्वांनी मिळून शिवार वरपासून खालपर्यंत चालून कोणते बांध फुटले आहेत ते पाहावे, आणि सर्वांत वरच्या बांधापासून कामास हात घालावा.