चेंडू आत, चहा बाहेर
(बाळू पालवणकर यांची गोष्ट)

२०२० साल आठवतंय ना? न आठवून कसं चालेल म्हणा! आमच्या बॅचचा दहावीचा भूगोलाचा पेपर त्या मार्चमध्ये राहिला तो राहिलाच. आयुष्यात पहिल्यांदा पेपर रद्द झाल्याचा आनंद झाला आणि तो दोन दिवससुद्धा टिकला नाही. कारण आपल्या बीड जिल्ह्यात तेव्हा दोन प्रकारची माणसं होती. एक घरात अडकलेली आणि दुसरी कारखान्यावर अडकलेली. माझे आई-वडील दुसऱ्या प्रकारातले. उसाच्या फडातून टोळी गावाकडं यायला एप्रिलचा दुसरा पंधरवडा उजाडला आणि आल्यावर त्यांना गावाबाहेरच्या शाळेत ठेवलं. आजीनं बांधून दिलेला डबा मी शाळेच्या भिंतीवर ठेवायचो आणि दहा पावलं मागं सरायचो. मग आई यायची आणि डबा उचलायची. चौदा दिवस असं चाललं. सख्ख्या आईला डबा हातात देता येत नाही याचा मला असा राग यायचा की काय सांगू!

त्याच वर्षी आयपीएलसुद्धा अडकली होती. उन्हाळ्यातली स्पर्धा सप्टेंबरमध्ये सुरू झाली, तीही थेट यूएईमध्ये. स्टेडियम रिकामं आणि टाळ्या रेकॉर्ड केलेल्या! आम्ही चौघं-पाच जण एकाच मोबाईलवर डोकी घालून मॅच बघायचो. (सोशल डिस्टन्सिंगचा पार बोऱ्या!) १० नोव्हेंबरला दुबईत मुंबई इंडियन्सनं दिल्लीला हरवून कप नेला आणि आम्ही गल्लीत ओरडलो. रणजी ट्रॉफी मात्र त्या सीझनला झालीच नाही. १९३४-३५ मध्ये सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

तेव्हा एक गोष्ट ऐकली होती. ज्या साथरोग कायद्याखाली आपल्याला घरात बसवलं, तो कायदा १८९७ सालचा! म्हणजे प्लेगच्या वेळचा. म्हटलं, त्या प्लेगच्या काळात आपल्याकडं क्रिकेट होतं का? होतं. आणि त्या काळातला सगळ्यात भारी बॉलर कोण, हे शोधता शोधता एक नाव सापडलं, जे आमच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. बाळू पालवणकर.

बाळूचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. कुटुंब मूळचं कोकणातल्या पालवणचं, म्हणून पालवणकर. जात चांभार. त्या काळात या एका शब्दात माणसाचं अख्खं भविष्य लिहून ठेवलेलं असायचं. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे मुलं पुण्याच्या लष्करी वस्तीत वाढली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि बॉलवर बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम खेळायला शिकले. ना कोच, ना किट, ना कोणाचा वशिला.

पहिली नोकरी पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात. काम काय, तर खेळपट्टी झाडायची आणि रोलर ओढायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेला, तेव्हा पगार झाला चार रुपये. तिथं रोलर ओढणं, पट्ट्या आखणं, नेट बांधणं, टेनिसचं मैदान आखणं ही कामं होती. मग कोणा साहेबाच्या लक्षात आलं, की हा पोरगा डावखुरी फिरकी टाकतो आणि बरी टाकतो. झालं! साहेब लोकांना सराव द्यायला बाळू नेटमध्ये उभा राहू लागला.

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा मोठा नावाजलेला बॅट्समन होता. तो इतरांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूला तासन्‌तास बॉलिंग करायला लावायचा. अशी आख्यायिका आहे, की बाळूनं आउट केलं की ग्रेग त्याला आठ आणे द्यायचा. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्या पोराला एका विकेटचे आठ आणे! आठ विकेट काढल्या की महिन्याचा पगार सुटला. असा इन्सेंटिव्ह असल्यावर बॉल वळणार नाही तर काय! ग्रेगची बॅटिंग सुधारत गेली आणि बाळूची बॉलिंगसुद्धा. पण एक गोष्ट लक्षात घ्या. पूना क्लबात इतकी वर्षं बॉलिंग केली, तरी बाळूला बॅटिंग कोणी दिली नाही. बॅटिंग साहेबांची आणि घाम नोकराचा.

पुण्यात हिंदूंचा एक क्रिकेट क्लब होता आणि त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. आता आली का पंचाईत! गावातला सगळ्यात चांगला बॉलर हवा तर आहे, पण तो चांभाराचा. संघात मतभेद झाले. काही जण घ्या म्हणाले, काही नको म्हणाले. खुद्द ग्रेगनं जाहीरपणे सांगितलं, की बाळूला बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. शेवटी घेतलं. जातीपेक्षा जिंकण्याची गरज मोठी ठरली, असं समजा हवं तर.

पण कसं घेतलं? मैदानात सगळे तोच चेंडू हाताळायचे. बाळूच्या हातातला चेंडू ब्राह्मण विकेटकीपरच्या हातात, तिथून पुन्हा बाळूच्या हातात. तिथं विटाळ नाही! चहाची सुट्टी झाली, की संघ पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर. त्याचा चहा मातीच्या भांड्यात, प्यायला की फेकून द्यायचं. जेवणाची पंगत वेगळी. हात-तोंड धुवायचं तर पाणी घालायला माणूससुद्धा त्याच्याच जातीच्या बरोबरीचा. म्हणजे विकेट चालते, माणूस चालत नाही.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा शाळेच्या भिंतीवरचा डबा आठवला. आणि मग दुसरी एक गोष्ट आठवली, ती पुढं सांगतो.

बाळूच्या जोरावर पुण्याच्या संघानं साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याला हरवलं. पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी संघातल्या लोकांना समजावलं, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर बसून खायला-प्यायला हरकत नसावी. लोकमान्य टिळकांनीही बाळूचं जाहीर कौतुक केलं. त्या काळात या गोष्टी साध्या नव्हत्या.

एवढ्यात प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत, मांडवी भागात पहिल्यांदा आणि काही महिन्यांतच पुण्यात. माणसं शहर सोडून माळावर झोपड्या टाकून राहू लागली. घरोघरी सोल्जर शिरून झडत्या घेऊ लागले. रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. आपण कोविडमध्ये जे पाहिलं, त्याच्या कितीतरी पट भयंकर सगळं चाललं होतं आणि लस अजून नुकती कुठं तयार होत होती. प्लेगच्या त्याच वर्षांत बाळूही पुणं सोडून मुंबईला आले. (आता ते मोठे झाले, तेव्हा आपणही अहो-जाहो करू.) मुंबईत आधी पलटणीत आणि मग रेल्वेत नोकरी केली. आणि क्रिकेट? तेही चालू राहिलं. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घ्यायचं की नाही, यावर पुन्हा तीच चर्चा झाली आणि पुन्हा घेतलं.

फेब्रुवारी १९०६. मुंबई जिमखान्याचं मैदान. हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी विजयी! शेवटच्या डावात बाळूंच्या फिरकीपुढं साहेबांची भंबेरी उडाली. बाळूंचे भाऊ शिवराम हेही त्या संघात होते. दोन चांभार भाऊ आणि बाकीचे सवर्ण, असा तो संघ राज्यकर्त्यांना हरवून आला. सुधारणावादी मंडळींनी याचा अर्थ बरोबर लावला, की जात बाजूला ठेवली म्हणून जिंकलो. पुढच्या वर्षी हिंदू पुन्हा जिंकले.

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कॅप्टन पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग. महाराजांना मैदानापेक्षा मेजवान्यांचीच घाई! संघाची अवस्था वाईट झाली. २३ पैकी फक्त ६ मॅच जिंकल्या आणि १५ हरल्या. पण बाळूंनी सगळ्या दौऱ्यात मिळून ११४ विकेट काढल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८ गडी आणि लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात ११. वय तेव्हा पस्तीस. परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचं मानपत्र तयार करण्यात एका तरुण विद्यार्थ्याचा हात होता. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. आज ज्यांचं नाव आपल्या डिग्रीच्या कागदावर असतं, तेच.

आता या गोष्टीतला सगळ्यात बोचणारा भाग. १९१२ पासून मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशी चौरंगी स्पर्धा सुरू झाली. हिंदू संघात बाळू सगळ्यात ज्येष्ठ आणि सगळ्यात यशस्वी. पण कॅप्टनपद? ते काही मिळालं नाही. कॅप्टन झाले एम. डी. पै. आणि पै यांनी स्वतःच एका सत्कारात बोलून दाखवलं, की हा मान खरं तर बाळूंचा होता. तरीही वर्षानुवर्षं तेच. १९२० मध्ये कहर झाला. पै आजारी पडले आणि कॅप्टनपद दि. ब. देवधरांना दिलं. बाळूंना तर संघातूनच वगळलं. बाळूंचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. शंभर वर्षांपूर्वी, जातीच्या अपमानासाठी खेळाडूंनी टाकलेला हा बहिष्कार! मुंबईत चर्चा पेटली. शेवटी फायनलला बाळूंना उपकर्णधार म्हणून आणलं, भाऊही परतले आणि पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे बाळूंना संघाचं नेतृत्व करता यावं. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला मिळालेलं ते उसनं कॅप्टनपद. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल पालवणकर रीतसर कॅप्टन झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतलं. थोरल्यानं वाट पाडली आणि धाकटा त्या वाटेनं गेला.

बाळूंच्या पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ विकेट, सरासरी १५.२१. भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ साली, तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. कसोटीची कॅप त्यांच्या नशिबात नव्हती. लगान (२००१) मधला कचरा पाहिला की अनेकांना बाळू आठवतात, पण कचऱ्याला भुवननं एका भाषणात संघात घेतलं. बाळूंना त्यासाठी कित्येक वर्षं बॉलिंग करावी लागली.

पुढची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे आणि ती लपवून उपयोग नाही. ज्यांच्याकडं पाहून तरुण आंबेडकरांना अभिमान वाटला, तेच बाळू पुढं राजकारणात आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू दुसऱ्या बाजूला होते. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत बाबासाहेबांसमोर बाळूंनाच उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं आणि बाळूंना ११,२२५. बाबासाहेब जिंकले. मला विचाराल तर बाबासाहेबांचंच बरोबर होतं. पण बाळूंनाही नुसतं नावं ठेवून भागत नाही. ज्या माणसाला आयुष्यभर सवर्णांच्या संघात जागा मिळवायची होती आणि थोडी थोडी करून ती मिळालीही, त्याला वाटलं असेल की हीच वाट पुढं जाईल. बाबासाहेबांना कळलं होतं, की चेंडूला शिवायची परवानगी म्हणजे बरोबरी नव्हे.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळू पालवणकर गेले. त्यानंतर आपण त्यांना जवळजवळ विसरलो.

आता ती राहिलेली गोष्ट. आमच्या गावच्या टीमला एक बॉलर होता. नाव सांगत नाही. तालुक्याच्या टुर्नामेंटमध्ये आम्ही त्याच्या जिवावर जिंकायचो आणि त्याला खांद्यावर घेऊन नाचायचो. मॅचनंतर पोरं आमच्या घरी चहाला यायची. सगळे ओट्यावर आणि तो दारात. त्याचा कप वेगळा होता, वळचणीला खोचलेला. प्यायला की तो स्वतःच विसळायचा आणि परत तिथं खोचायचा. मी हे लहानपणापासून पाहत होतो आणि मला त्यात कधी काही दिसलंच नाही. आईचा डबा भिंतीवर ठेवताना मला चौदा दिवसांत राग आला आणि त्याचं सगळं आयुष्य तसं गेलं, तर मला पत्ता नाही!

बाळूंची गोष्ट वाचल्यावर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो वळचणीचा कप मी काढून टाकला. आजी काही बोलली नाही. त्याला घरात बोलावलं आणि आमच्याच कपात चहा दिला. तो आत आला, हसलाही. पण बस बस म्हणालो तरी बसला नाही. चहा उभ्यानंच प्यायला आणि कप विसळायला जागा शोधू लागला.