मातापित्यांचे ऋण

सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. कलकत्त्याच्या रस्त्यावर एक ब्राह्मण मुलगा भुकेने व्याकूळ होऊन फिरत होता. घरच्या दारिद्र्यामुळे कोवळ्या वयातच तो उपजीविकेच्या शोधात शहरात आला होता. चुरमुरे-लाह्या विकणाऱ्या एका विधवा बाईच्या दुकानापुढे थांबून त्याने पिण्यास पाणी मागितले. ब्राह्मणाच्या मुलाला नुसते पाणी कसे द्यावे, म्हणून तिने पाण्याबरोबर थोड्या लाह्याही दिल्या. तो त्या ज्या अधीरतेने खाऊ लागला, त्यावरून तो उपाशी आहे हे तिने ओळखले. तिने जवळच्या गवळ्याकडून दही आणले, त्याला पोटभर खाऊ घातले आणि पुन्हा असा प्रसंग आला तर निःसंकोचपणे येण्यास सांगितले. त्या मुलाचे नाव ठाकुरदास बंद्योपाध्याय.

पुढे ठाकुरदासांना दरमहा २ रुपयांची नोकरी मिळाली. त्यांचा विवाह भगवतीदेवी या दयाळू स्त्रीशी झाला. २६ सप्टेंबर १८२० रोजी आजच्या पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील वीरसिंह या खेड्यात त्यांना पुत्र झाला. तोच थोर पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर.

पित्याच्या उपासमारीची ती हकीकत ईश्वरचंद्रांच्या मनावर कायमची कोरली गेली. वयाच्या आठव्या वर्षी ते पित्याबरोबर पायी कलकत्त्यास गेले. वाटेतील मैलांच्या दगडांवरून ते इंग्रजी आकडे शिकले. संस्कृत कॉलेजात त्यांनी कष्टाने विद्या संपादन केली व विद्यासागर ही पदवी मिळविली. १८४१ साली फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांना ५० रुपये वेतनाची जागा मिळाली. तेव्हा त्यांनी पित्यास नोकरी सोडावयास लावले आणि आपल्या वेतनातील २० रुपये ते दरमहा घरी पाठवू लागले.

परंतु मातापित्यांना सुखात ठेवले म्हणजे त्यांचे ऋण फिटले, असे त्यांना वाटले नाही. एकदा त्यांनी आईसाठी रजया पाठविल्या. शेजारचे गरीब लोक थंडीने कुडकुडत असल्याचे पाहून भगवतीदेवींनी त्या सर्व वाटून टाकल्या आणि आणखी पाठविण्याविषयी पुत्रास कळविले. अशा मातेची सेवा दुसऱ्यांच्या सेवेतूनच होऊ शकते, हे ईश्वरचंद्र जाणून होते. १८५३ साली त्यांनी वीरसिंह येथे विनाशुल्क शाळा सुरू केली. १८६६ सालच्या दुष्काळात तेथेच अन्नछत्र उघडले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रियांच्या रुक्ष केसांना तेल लावण्यास दुसरे कोणी धजेना, तेव्हा ते काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केले. एका उपाशी मुलावर कलकत्त्यात झालेले उपकार त्याचा पुत्र अशा रीतीने शेकडो भुकेल्यांना परत करीत होता.

त्या काळी बालविधवांचे हाल पाहवत नसत. ईश्वरचंद्रांनी शास्त्रग्रंथ धुंडाळले व विधवाविवाहास पराशरस्मृतीचा आधार आहे, हे दाखवून दिले. परंतु या कार्याने सारा समाज खवळून उठणार होता आणि त्याची झळ वृद्ध मातापित्यांना लागणार होती. म्हणून आपला ग्रंथ प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांनी दोघांची अनुज्ञा मागितली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दोघांनीही ती आनंदाने दिली. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. त्याच वर्षी ७ डिसेंबर रोजी या कायद्यानुसार पहिला विवाह कलकत्त्यात पार पडला. ईश्वरचंद्रांवर शिव्याशापांचा वर्षाव झाला. अशा विवाहांचा खर्च स्वतः सोसल्यामुळे ते कर्जबाजारी झाले. तरीही ते मागे हटले नाहीत. पुनर्विवाहित स्त्रियांबरोबर एका पंक्तीस जेवण्यास भगवतीदेवींनी कधी संकोच केला नाही. महाराष्ट्रातही विष्णुशास्त्री पंडित यांनी ईश्वरचंद्रांच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद करून या कार्यास चालना दिली.

उतारवयात ठाकुरदास काशीस राहू लागले. ईश्वरचंद्र त्यांच्या भेटीस गेले असता तेथील ब्राह्मणांनी दक्षिणेसाठी त्यांना गराडा घातला. ईश्वरचंद्रांनी मात्र आपले मातापिता हेच आपले विश्वेश्वर व अन्नपूर्णा होत, असे सांगून त्यांची मागणी नम्रपणे नाकारली, अशी आख्यायिका आहे. १८७१ साली भगवतीदेवी व १८७६ साली ठाकुरदास काशीतच निवर्तले. पुढे १८९० साली ईश्वरचंद्रांनी वीरसिंह येथे मातेच्या नावाने भगवती विद्यालय स्थापन केले. २९ जुलै १८९१ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

प्रत्येक मनुष्य पितृऋण घेऊन जन्मास येतो, असे आपल्या धर्मशास्त्रात मानले आहे. श्राद्ध-तर्पणाने ते ऋण फेडण्याची रीत सर्वपरिचित आहे. पित्याने सोसलेली भूक आणि मातेच्या अंतःकरणातील करुणा यांचे विस्मरण होऊ न देता ईश्वरचंद्रांनी ते आपल्या आचरणाने फेडले. मातापित्यांचा याहून मोठा सन्मान तो कोणता?