इकुन्याची थेक्ला आणि मालूलाचा डोंगर

वाचकहो, प्रेषितांच्या कृत्यांचा चौदावा अध्याय आपण अनेकदा वाचला असेल. पौल आणि बर्णबा इकुन्यात आले, सभास्थानात बोलले, पुष्कळांनी विश्वास ठेवला. नगरात फूट पडली आणि दगडमाराचा बेत कळताच दोघांना लुस्त्राकडे निघून जावे लागले. लूकाने ही हकीकत मोजक्या ओळींत संपवली आहे. त्या दिवसांत ज्यांनी विश्वास ठेवला त्यांपैकी एकाचेही नाव तो देत नाही. परंतु आरंभीच्या मंडळीने एक नाव जपून ठेवले. ते एका तरुणीचे आहे. तिचे नाव थेक्ला.

तिच्या जीवनाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. थेक्लेचा वृत्तांत पवित्र शास्त्रात नाही. तो दुसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या पौलाच्या कृत्यांच्या एका ग्रंथात आहे, आणि मंडळीने तो ग्रंथ शास्त्र म्हणून कधीच स्वीकारला नाही. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुल्यनाने लिहून ठेवले आहे की, आशिया प्रांतातील एका वडिलाने पौलावरील प्रेमापोटी हा ग्रंथ रचल्याचे कबूल केले आणि त्याला आपले पद सोडावे लागले. म्हणून पुढील हकीकत आपण शास्त्रवचन म्हणून नव्हे, तर मंडळीची एक फार जुनी आठवण म्हणून वाचावी.

इकुन्या म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील कोन्या. तेथील एका प्रतिष्ठित घराण्यात थेक्ला वाढली. आईचे नाव थिओक्लिया. थमिरिस नावाच्या नगरातील एका मातबर पुरुषाशी तिचा वाङ्‌निश्चय झाला होता. पौल इकुन्यात अनेसिफराच्या घरी उतरला आणि तेथे उपदेश करू लागला. हे घर थेक्लेच्या घराशेजारीच होते. थेक्ला आपल्या खिडकीत बसून ऐकू लागली. पौलाचे मुखही तिला दिसत नव्हते. केवळ शब्द कानी येत होते. तीन दिवस आणि तीन रात्री ती खिडकीतून हलली नाही, अन्नालाही शिवली नाही. आईने विनवले, थमिरिसाने विनवले, दासी रडल्या. थेक्लेने मान वळवली नाही.

त्या काळी कन्येने ठरलेला विवाह नाकारणे म्हणजे घराण्याची अब्रू धुळीला मिळवणे होय. थमिरिसाने पौलाला पकडून सुभेदारापुढे उभे केले आणि पौलाची रवानगी तुरुंगात झाली. रात्री थेक्ला घराबाहेर पडली. द्वारपाळाला तिने आपल्या हातातील कंकणे दिली, तुरुंगाच्या अधिकाऱ्याला रुप्याचा आरसा दिला आणि पौलाच्या पायांशी बसून ती प्रभूची वचने ऐकत राहिली. लग्नासाठी जपलेले अलंकार तिने अशा रीतीने खर्च केले, हे आपण लक्षात घ्यावे.

दुसऱ्या दिवशी पौलाला फटके मारून नगराबाहेर हाकलण्यात आले. थेक्लेला जिवंत जाळण्याची शिक्षा झाली. ती शिक्षा मोठ्याने मागणारी तिची स्वतःची आई होती. या हकीकतीतील सर्वांत दुःखद भाग हाच आहे. चिता पेटली, परंतु पाऊस व गारा यांचा असा वर्षाव झाला की अग्नी विझला आणि थेक्ला वाचली.

पुढे ती पौलाला जाऊन मिळाली व तिने बाप्तिस्मा मागितला. पौलाने तिला धीर धरण्यास सांगितले. त्याच्याबरोबर ती अंत्युखियात आली. हे अंत्युखिया पिसिदियातील की सूरियातील, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तेथे अलेक्झांडर नावाच्या एका मान्यवराने भररस्त्यात तिच्यावर हात टाकला. थेक्लेने त्याचा झगा फाडला आणि त्याच्या मस्तकावरचा मुकुट खाली पाडला. अपराध त्याचा असताना शिक्षा मात्र तिला झाली. तिला श्वापदांपुढे टाकण्याचा निकाल झाला, तेव्हा त्या नगरातील स्त्रियांनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला. आपली मुलगी गमावलेल्या त्रुफैना राणीने शिक्षेच्या दिवसापर्यंत थेक्लेला स्वतःच्या घरी ठेवले व लेकीप्रमाणे माया केली. जन्मदात्या आईने जिला अग्नीत लोटले, तिला एक परकी शोकग्रस्त स्त्री आई झाली.

रंगभूमीत सिंहीण थेक्लेच्या पायांशी येऊन पडली आणि तिच्यावर धावून येणाऱ्या श्वापदांशी झुंजत मेली. आपला अंत आला असे समजून थेक्लेने हिंस्र जलचर सोडलेल्या एका कुंडात उडी घेतली आणि ख्रिस्ताच्या नावाने स्वतःच बाप्तिस्मा घेतला. शेवटी सुभेदाराने तिला मुक्त केले. मूरा येथे तिची व पौलाची भेट झाली, तेव्हा पौलाने तिला देवाचे वचन शिकवण्यास पाठवले. ती प्रथम इकुन्यास गेली. थमिरिस मरण पावला होता. आई जिवंत होती. जिने आपल्याला जाळावे म्हणून आरोळी ठोकली होती, त्या आईपुढे थेक्लेने प्रभूची साक्ष दिली. मग ती सलुकियास गेली, अनेकांना प्रकाशात आणले आणि तेथेच शांतपणे प्रभूमध्ये झोपी गेली.

यात इतिहास किती आणि भक्तांची कल्पना किती? त्रुफैना नावाची राणी पहिल्या शतकात खरोखर होऊन गेली. तिची नाणी सापडली आहेत. अनेसिफराचे घराणे तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातून आपल्या परिचयाचे आहे. याहून अधिक खात्रीने सांगता येत नाही. परंतु थेक्लेची आठवण किती खोल रुजली, याचा पुरावा मात्र दगडांत आहे. सलुकिया म्हणजे तुर्कस्तानातील आजचे सिलिफके. तेथे एका गुहेचे भूमिगत मंदिर झाले. इ.स. ३८४ मध्ये एजेरिया नावाची यात्रेकरू स्त्री तेथे आली आणि तिने त्या जागी थेक्लेचा वृत्तांत वाचला. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राट झेनोने त्या स्थानी भव्य मंदिर उभारले. त्याच्या पूर्वेकडील अर्धवर्तुळाकार भिंतीचा अवशेष आजही उभा आहे. न्यस्साच्या ग्रेगरीने आपली बहीण माक्रिना हिचे चरित्र लिहिले, त्यात तिचे गुप्त नाव थेक्ला होते असे तो सांगतो. सुरियानी मंडळीने रूथ, एस्तेर, शोशन्ना आणि यहुदिथ यांच्या कथांबरोबर थेक्लेची कथा एकत्र करून स्त्रियांचा एक ग्रंथ तयार केला. पूर्वेकडील मंडळ्या तिला प्रेषितांसमान आणि पहिली स्त्री रक्तसाक्षी म्हणतात, जरी ती शस्त्राने वा अग्नीने मेली नाही.

आता, वाचकहो, आपण सूरिया देशात जाऊ. दमास्कसच्या ईशान्येस सुमारे ५५ किलोमीटरवर, सुमारे १५०० मीटर उंचीवर मालूला हे गाव आहे. उघड्या कड्याच्या पोटाशी घरे एकावर एक पायऱ्यांसारखी रचलेली आहेत; एकाचे छप्पर ते दुसऱ्याचे अंगण. अरामी भाषेत गावाच्या नावाचा अर्थ प्रवेशद्वार असा होतो. प्रभू येशू ज्या भाषेत बोलला, तिच्या पश्चिम शाखेची बोली मालूला आणि शेजारची जुबादीन व बखआ या तीनच गावांत टिकून राहिली. शेजारच्या दोन्ही गावांतील लोक मुस्लिम आहेत. अब्बा आणि मरानाथा हे शब्द आपल्या नव्या करारात जसेच्या तसे आले आहेत. ते ज्या भाषेतले, तिची लेक आजही त्या डोंगरात बोलली जाते. केरळातील आपले सुरियानी बांधव ज्या भाषेत उपासना करीत आले, ती याच अरामी घराण्याच्या पूर्वेकडील शाखेची आहे.

मालूलाचे लोक सांगतात की, पाठलाग करणाऱ्यांपासून पळत थेक्ला या कड्यापाशी आली. पुढे वाट नव्हती. तिने प्रार्थना केली आणि डोंगर दुभंगला. ती अरुंद घळ आजही आहे; काही ठिकाणी दोन्ही बाजूंचे खडक हातांना लागतात. घळीपाशी मार ताकला हा अंत्युखियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीचा मठ आहे. तेथील गुहेत थेक्लेची कबर असल्याची श्रद्धा आहे आणि खडकातून पाणी ठिबकते. सलुकियाही तिची कबर आपल्याकडे आहे असे म्हणते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत; पण दोन गावांनी एका स्त्रीसाठी जागा राखली, एवढे खरे.

वर कड्यावर मार सर्किस हा ग्रीक कॅथलिक मठ आहे. सर्गियस आणि बाक्खस या दोन रोमी सैनिक रक्तसाक्ष्यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचे दार इतके बुटके आहे की वाकल्यावाचून आत जाता येत नाही. त्याच्या मंदिरातील वेदी अर्धवर्तुळाकार असून तिला उंच कडा आहे, मूर्तिपूजकांच्या बलिवेदीला असे तशी. परंतु रक्त वाहून जाण्याचे छिद्र तिला नाही. अशी घडण इ.स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेपूर्वीची, असे तेथील परंपरा मानते. हा फरक लहान वाटेल, पण पुन्हा पुन्हा रक्त सांडण्याची गरज उरली नाही, ही शिकवण त्या न केलेल्या छिद्रात दिसते.

सप्टेंबर २०१३ मध्ये या गावावर सशस्त्र हल्ला झाला. तीन ख्रिस्ती पुरुष मारले गेले, कुटुंबे दमास्कसकडे पळाली. डिसेंबरमध्ये मार ताकला मठातील धर्मभगिनींना ओलीस नेण्यात आले. मार्च २०१४ मध्ये त्या सुटल्या. एप्रिलमध्ये सैन्याने गाव परत घेतले, तेव्हा दोन्ही मठांची दुर्दशा दिसली: भिंती काळवंडलेल्या, चित्रप्रतिमा फोडलेल्या वा चोरलेल्या. नंतर दुरुस्ती झाली व काही कुटुंबे परतली, सर्व नव्हे. शेजारच्या बखआची तर युद्धात मोठी हानी होऊन तेथील लोक परागंदा झाले. दगड पुन्हा रचता येतात; परंतु मुले दूरच्या शहरात दुसरी भाषा बोलत वाढली, तर ती बोली कोणत्या कारागिराने पुन्हा रचावी?

म्हणून आपण मालूलासाठी प्रार्थना करावी. आणि एक गोष्ट आपल्या घरात शोधावी. थेक्लेच्या कथेत देवाचे वचन प्रथम ऐकले ते खिडकीत बसलेल्या मुलीने. ते ऐकून ती उठली, तेव्हा तिला सर्वप्रथम अडवले ते घरच्यांनीच. आपल्या घरातील एखादी कन्या सेवेची, शिक्षणाची, प्रभूच्या मार्गाची हाक ऐकत असेल, आणि आपण लोकलज्जेपोटी तिची खिडकी बंद करीत असू. थिओक्लिया दुष्ट नव्हती. ती भ्यालेली आई होती. पण वृत्तांत येथे संपत नाही. मुलगी परत येते आणि त्याच आईपुढे उभी राहते. आईने काय उत्तर दिले, हे जुन्या लेखकाने लिहिलेले नाही. ते उत्तर, वाचकहो, आपण द्यायचे आहे.