सालिम अली : पाखरांच्या घरट्यांचा हिशेब ठेवणारा माणूस

भारतात पक्ष्यांचा विषय निघाला की एक नाव आधी येतं, डॉ. सालिम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारायला पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि तिथलाच झाला.

१९३० मध्ये जर्मनीहून शिकून आले, तर नोकरी उरली नव्हती. पत्नी तहमिना यांच्यासोबत अलिबागजवळ किहीमला राहिले. तिथे सुगरणीची घरटी न्याहाळत बसले. नर घरटं अर्धं विणतो, मादीने पसंत केलं तरच पुरं करतो आणि मग दुसरं घ्यायला मोकळा, हे त्यांनी दाखवून दिलं.

१९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपलं हिंगोली तेव्हा याच संस्थानात होतं. कोणतं पाखरू कुठे घर करतं, हे त्यांनी पुस्तकांत नोंदवून ठेवलं. पिंगळ्याला जुन्या झाडाची ढोली लागते, बुलबुलाला झुडूप, चंडोलाला गवताळ माळ.

म्हणजे नुसती रोपं लावून भागत नाही. जुनं झाड तोडलं, झुडपं साफ केली, माळ पेटवला, की त्या त्या पाखराची वीण थांबते.

१९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ रोजी त्यांचा इंतकाल झाला. त्यांची आठवण ठेवायची, तर बांधावरची बोरी-बाभळी आणि विहिरीवर झुकलेली फांदी तेवढी राहू द्या.