विदुषी इरावतीबाई कर्वे

वाचकहो, आपल्या घरांतून शिक्षक, वकील, डॉक्टर पुष्कळ निघाले. पण एखाद्या मुलीने मानवशास्त्र शिकायचे म्हटले, की त्याचा उपयोग काय, असे वडीलधारी मंडळी विचारतात. त्याचे उत्तर इरावतीबाई कर्वे यांच्या चरित्रात सापडते, म्हणून आज आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

आपल्याप्रमाणेच त्यांचा जन्म महाराष्ट्राबाहेरचा. १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात मिंज्यान येथे त्या जन्मल्या. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव पडले. वडील गणेश हरी करमरकर यांनी मुलीला सातव्या वर्षी पुण्यास हुजूरपागा शाळेत धाडले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या वाढल्या. १९२६ साली फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या आणि मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून १९२८ साली एम. ए. झाल्या.

त्याच वर्षी त्या बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना हा बेत पसंत नव्हता. परंतु पती दिनकरराव पाठीशी उभे राहिले. गुरू ऑयगेन फिशर गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या संस्थेत बाईंनी मानवी कवट्या मोजल्या. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध दिसला नाही, आणि गुरूंच्या मताविरुद्ध त्यांनी तसे प्रबंधात लिहिले. परक्या देशात एकट्या विद्यार्थिनीने असे लिहिणे सोपे नव्हते.

१९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अध्यापन व संशोधन केले. गावोगाव हिंडून नातीगोती, जाती, चालीरीती त्यांनी टिपल्या. पंढरीच्या वारीत त्या दिंडीबरोबर चालल्या, तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठे वेगळे जेवताना पाहून त्यांना फार वाईट वाटले. महाभारतावरील त्यांच्या युगान्त या ग्रंथास १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

आता उपयोगाचे पाहू. सातारा जिल्ह्यात कोयनेचे धरण झाले, वीज आली. पण खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. उठलेली माणसे कोठे गेली, त्यांची शेती, भाऊबंद, देवदेवता यांचे काय झाले? बाईंनी कन्या जाई निंबकर यांच्यासह याची पाहणी केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. ११ ऑगस्ट १९७० रोजी बाईंचे निधन झाले.

आपले पूर्वजही असेच गाव सोडून जहाजावर चढले. दप्तरात त्यांचे नाव, वय, गाव उरले. त्यांच्या मनाची विचारपूस कोणी केली नाही. आपल्या आजी-आजोबांपाशी बसून ती करावी, एवढे तरी आपल्या विद्यार्थ्यांनी मनावर घ्यावे, असे आम्हांस वाटते.